फोटोतला चेहरा कुणी ठरवायचा?

साडी डे, ट्रॅडिशनल डे, गॅदरिंग, फेअरवेल. कॉलेजात वर्षभर फोटो निघतात आणि 'स्वतःला व्यक्त करा' हे प्रत्येक पोस्टरवर असतं. पण बऱ्याच फोटोंत मुलगी कमी आणि फोन जास्त दिसतो. गाल गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ, हनुवटी कोरलेली. कपडे, प्रकाश आणि शेवटी कुठला फोटो लोकांसमोर जाणार हे फोटोतल्या माणसाने ठरवलं, तरच त्याला सक्षमीकरण वगैरे म्हणावं. नाहीतर ती फुकटची मॉडेलिंग आहे.

सुरुवात फोनच्या सेटिंगपासून. अनेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचं 'ब्युटी' किंवा 'स्मूथ' आधीपासूनच चालू असतं. ते शून्यावर आणा. पोर्ट्रेट मोडमध्ये त्याची वेगळी पट्टी असते, तीही बघा. तपासायला सोपी खूण म्हणजे भुवईजवळची बारीक लव आणि गालावरचा तीळ. ते दिसत नसतील तर फिल्टर अजून चालू आहे.

मग एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ किंवा अंधारा येणार ते. सावळ्या मुलामुलींचे फोटो बिघडतात ते इथे, आणि दोष त्यांच्या रंगाला दिला जातो. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेला आणायला बघतो. मागे पांढरी भिंत असेल तर तो सगळंच अंधारं करतो आणि चेहरा काळवंडतो. मागे काळा पडदा असेल तर सगळं उजळतो आणि सावळी त्वचा राखेसारखी दिसते. उपाय असा: स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग उजेडाची पट्टी हळूहळू खाली आणा, कपाळावरची आणि नाकावरची पांढरी चमक जाईपर्यंत. त्याखाली नको. ग्रुपमध्ये वेगवेगळ्या रंगाचे चेहरे असतील तर सगळ्यात सावळ्या चेहऱ्याला खिडकीच्या बाजूला उभं करा, गोऱ्यांना आतल्या बाजूला. एवढ्याने बहुतेक भांडण मिटतं.

हा घोळ जुना आहे. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकात प्रिंटचे रंग जुळवायला लॅबना जी नमुना कार्डं दिली, त्यांवर गोरी बाई होती. 'शर्ली कार्ड' म्हणून ती ओळखली जातात. पुढे फिल्मवर तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. माणसांआधी कपाटांची दखल घेतली गेली! गूगलने पिक्सेल ६ फोनमध्ये सावळ्या त्वचेचा रंग खरा दाखवणारं 'रिअल टोन' आणलं ते २०२१ साली.

दुसरी गडबड लेन्सची. ०.५ च्या वाइड लेन्सने काढलेल्या ग्रुप फोटोत कडेची मुलगी जाड दिसते. ती जाड नसते, लेन्स कडा ताणते. ती लेन्स माणसांसाठी वापरूच नका. एकटीचा फोटोही हात लांबवून जवळून घेतला की नाक मोठं आणि कान लहान येतात. दीड-दोन मीटर मागे जाऊन २एक्स झूमवर काढा. पूर्ण उंचीच्या फोटोत कॅमेरा कमरेच्या पातळीला धरा. वरून काढला की सगळेच बुटके होतात.

प्रकाशासाठी स्टुडिओ लागत नाही. कॉलेजचा व्हरांडा पुरतो. कठड्यापासून एक-दीड मीटर आत उभं राहून तोंड बाहेर करायचं. दुपारी बाराचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पाडतं. झाडाखाली अंगावर कवडसे पडतात आणि हिरवळीवरून येणाऱ्या प्रकाशाने हनुवटी हिरवट होते. एका बाजूने सावली जड वाटली तर प्रोजेक्टचा थर्माकोलचा पांढरा तुकडा त्या बाजूला हातभर अंतरावर धरा. ट्यूबलाइट आणि खिडकी दोन्हींचा उजेड एकत्र नको. अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा येतो, आणि तो नंतर दुरुस्त करणं वैतागाचं काम आहे. फाउंडेशन दुकानातल्या दिव्यात निवडू नका. जबड्यावर लावून बाहेर उजेडात बघा. एक शेड उजळ घेतला की फ्लॅशमध्ये चेहरा आणि मान दोन वेगळ्या माणसांची वाटते.

कपड्यांत पैसा कमी आणि मापं जास्त लागतात. तयार कपडा घेताना आधी खांदा बघा. कंबर, बाही, लांबी टेलर सहज कमी करतो, खांदा मात्र पूर्ण उसवावा लागतो. आईची इरकल नेसायची असेल तर तिच्याच खणाच्या ब्लाउजच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते उलटून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. रेशमी ब्लाउज सैल केला तर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, तेव्हा आधी टेलरला विचारा. चप्पल घालून मगच साडी नेसायला घ्या, नाहीतर टाचा चढवल्यावर काठ वर जातो. खांद्यावर पिन लावताना तिच्यात आधी एक मणी ओवा, म्हणजे कापड पिनेच्या वेटोळ्यात अडकून फाटत नाही. बारीक रेघा आणि चौकडीवर फोटोत लाटा उमटतात. तेव्हा थोडं पुढे-मागे सरका.

'बेस्ट ड्रेस्ड'चं बक्षीस मात्र कॉलेजांनी बंदच करावं. ते भाड्याच्या महागड्या लेहेंग्याला मिळतं. आणि काजळ घालून किंवा गुलाबी कुर्त्यात आलेल्या मुलाला हसणारेच परीक्षकांच्या मागे उभे असतात.

आता शेवटचा हक्क, निवडीचा. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या सोबतिणींचे फोटो काढले, मुंबईतल्या तरुण मुली त्यात मोकळेपणाने दिसतात. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. म्हणून फोटोखाली काढणारीचं नाव लिहा, आणि टाकण्याआधी फोटोतल्या प्रत्येकीला विचारा. 'हा नको' म्हटल्यावर कारण मागायचं नाही. चेंजिंग रूममध्ये फोन नकोच. कुणाच्या खाजगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून सगळे डॉक्युमेंट करून पाठवतात. दर्जा टिकतो, पण काढलेल्या जागेचं लोकेशनही फोटोबरोबर जाऊ शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग आधीच बंद करा, हॉस्टेलच्या खोलीत फोटो काढत असाल तर नक्कीच.