पाइप पुरले की बर्फ होतो, एरिना होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर आणि मुद्देसूद लिहिलंत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकणं बरोबर होणार नाही. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. आइस हॉकीच्या एरिनांवरच्या माझ्या लेखात पाइप, ब्राइन (पाइपांतून फिरणारं थंडगार मिठाचं पाणी) आणि कॉम्प्रेसर यांनी नको तितकी जागा खाल्ली, असं तुमचं म्हणणं आहे. तुमच्या मते जॉन गॅमगीने १८७६ साली लंडनमध्ये पाइपांवर पाणी गोठवलं तिथेच तंत्राचा विषय संपला, पुढे वाढली ती फक्त आसनं, पैसा आणि इमारतीची भव्यता. दुसरं म्हणजे, इनडोअर हॉकीचा पहिला संघटित सामना १८७५ साली नैसर्गिक बर्फावर झाला, मग कृत्रिम बर्फ हा या इतिहासाचा कणा कसा? आणि तिसरं, कॅनडातल्या फर्नीच्या रिंकमधल्या वायुगळतीनंतरही अमोनियाची (ब्राइन थंड करणाऱ्या वायूची) बाजू घेणं बेजबाबदारपणाचं आहे.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, तो लवकर निकाली निघेल. ३ मार्च १८७५ चा तो सामना माँट्रिअलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला, जेम्स क्राइटन यांनी तो जुळवून आणला आणि एकेका संघात नऊ खेळाडू होते, हे सगळं बरोबर. पण ती इमारत १८६२ ची, हॉकीसाठी नव्हे तर स्केटिंगसाठी बांधलेली. तिचं छप्पर मुळात बर्फासाठी होतं. वरून पडणारा हिम आणि दुपारचं ऊन या दोन गोष्टी नैसर्गिक बर्फाचा पृष्ठभाग बिघडवतात, आणि छप्पर दोन्ही अडवतं. थंडीच्या रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवून पाण्याचे पातळ थर द्यायचे, ही त्या काळातली रीत. म्हणजे यंत्र नसतानाही इमारतीचं पहिलं काम बर्फ सांभाळणं हेच होतं. सुमारे २०४ बाय ८० फुटांचा तो पृष्ठभाग आणि आजच्या एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक हॉकी लीगचा) २०० बाय ८५ फुटांचा रिंक यांच्यातलं साम्यही सहज दिसतं.

नैसर्गिक बर्फाची मर्यादा हवामानाची. माँट्रिअलमध्ये चार महिने खेळता येईल, मध्येच उबदार वारा सुटला की चिखल. फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक या भावांना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यावसायिक लीग काढायची होती. तिथला हिवाळा इतका सौम्य की नैसर्गिक बर्फावर अख्खा हंगाम खेळवणं शक्यच नव्हतं. म्हणून १९११ साली वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्यांनी व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरिया या शहरांत कृत्रिम बर्फाची एरिना बांधली. व्हँकूव्हरच्या डेनमन एरिनात दहा हजारांवर प्रेक्षक मावत. यंत्र नसतं तर तिथे आसनंही नसती, पैसाही नसता.

आता पहिला आणि मुख्य आक्षेप. ‘गॅमगीने तंत्र पूर्ण केलं’ हे विधान मला अजिबात मान्य नाही. त्याने काय केलं होतं ते नीट पाहू. जानेवारी १८७६ मध्ये चेल्सीत, किंग्ज रोडजवळ, २४ बाय १६ फुटांचा रिंक. तळाशी काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्यांचे थर, त्यावर लंबगोल छेदाचे तांब्याचे पाइप. पाइपांतून ग्लिसरिन, ईथर आणि पाणी यांचं मिश्रण फिरे. मांस गोठवण्याच्या खटपटीतून त्याला ही युक्ती सापडली होती. बर्फ उत्तम जमला. तरी वर्ष संपायच्या आत त्याला तो रिंक बंद करावा लागला आणि १८७८ च्या मध्यापर्यंत त्याचे सगळेच रिंक मिटले. एक कारण खर्च. दुसरं कारण बर्फावरून उठणारं धुकं, ज्याने गिऱ्हाईक पळालं.

माझ्या मते एरिनांचा खरा इतिहास या धुक्यापासून सुरू होतो. पाणी गोठवणं हा अर्धाच प्रश्न होता, आणि तो सोपा अर्धा होता. बर्फाच्या वरची हवा, तिच्यावरचं छत आणि पाइपांच्या खालची जमीन हे तीन प्रश्न सुटायला पुढची शंभर वर्षं लागली.

पुरावा हवा तर २० मे १९७५ चा स्टॅन्ली कपचा, म्हणजे एनएचएलच्या अजिंक्यपदाचा, सामना घ्या. बफेलो विरुद्ध फिलाडेल्फिया, मालिकेतला तिसरा सामना, बफेलोचं मेमोरियल ऑडिटोरियम. बाहेर उकाडा, आत वातानुकूलन नाही, हजारो माणसांचा श्वास आणि घाम. बर्फावर धुकं इतकं दाटलं की खेळ पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. खेळाडू बर्फावर गोल गोल फिरून हवा हलवत होते. गॅमगीनंतर ९९ वर्षांनी, तीच अडचण! १९८८ च्या २४ मे रोजी बॉस्टन गार्डनमध्येही धुकं होतं, आणि एडमंटनविरुद्धचा सामना शेवटी वीज गेल्यामुळे ३-३ वर सोडून द्यावा लागला. दोन्ही तारखा मे महिन्याच्या आहेत हे लक्षात घ्या. या इमारती हिवाळी खेळासाठी बांधलेल्या होत्या, हंगाम लांबत उन्हाळ्यापर्यंत गेला, पण हवा हाताळणारी यंत्रणा जुनीच राहिली.

धुकं का होतं ते आकड्यांत सांगतो. हॉकीच्या बर्फाचा पृष्ठभाग साधारण उणे ५ ते उणे ६ अंश सेल्सिअस ठेवतात (फिगर स्केटिंगला उणे ३ ते उणे ४, कारण उडी मारून उतरताना बर्फ थोडा मऊ लागतो). आतली हवा २४ अंश आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) २० अंश असेल, तर बर्फालगतची हवा दवबिंदूच्या कितीतरी खाली जाते आणि वाफेचे थेंब हवेतच तयार होतात. हवा १६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के ठेवली, तर दवबिंदू जेमतेम २ अंशांवर येतो आणि धुकं धरत नाही. त्यामुळे नुसतं एसी लावून भागत नाही, पाणी काढावं लागतं. त्यातही गोम आहे. थंड कॉइलवर पाणी धरणारं नेहमीचं डिह्युमिडिफायर थंड रिंकमध्ये स्वतःच बर्फाने गच्च होतं. म्हणून सिलिका जेलसारखा शोषक भरलेलं फिरतं चाक वापरतात. चाकाच्या एका भागातून रिंकची हवा जाऊन कोरडी होते, दुसऱ्या भागातून गरम हवा सोडून शोषलेलं पाणी बाहेर घालवतात. ही ओल फक्त दिसण्याच्या आड येत नाही. एक किलो वाफ थेट बर्फावर बसली की सुमारे २८०० किलोजूल उष्णता बर्फात जाते. तेवढंच शून्य अंशाचं पाणी गोठवायला ३३४ पुरतात. ओलसर हवा म्हणजे कॉम्प्रेसरवरचा थेट बोजा.

मग छत. ‘छताचा बर्फाशी काय संबंध’ असं तुम्ही विचारलंत. फार मोठा संबंध आहे. गरम हवा वर साठते आणि छत तापतं. छत १५ अंशांवर आणि बर्फ उणे ५ वर असेल, तर ढोबळ हिशेबाने दर चौरस मीटरला ८० ते ९० वॅट उष्णता नुसत्या प्रारणाने, मधल्या हवेला न जुमानता, बर्फावर येते. रिंक सुमारे १५८० चौरस मीटरचा, म्हणजे सव्वाशे किलोवॅटच्या घरात. छताखाली चकचकीत ॲल्युमिनियमचं अस्तर ताणून लावलं की हा प्रवाह दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकतो, कारण असा पृष्ठभाग उष्णता फारच कमी बाहेर टाकतो.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची. छत बर्फाकडे उष्णता गमावतं म्हणजे ते आसपासच्या हवेपेक्षा थंड होतं. मग थंड पेल्यावर बाहेरून पाणी धरावं तसं छतावर पाणी धरतं. ते ठिबकून बर्फावर टेंगळं होतात, ही झाली किरकोळ तक्रार. पण तीच ओल वर्षानुवर्षं तुळयांत मुरते. २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतल्या बाड राइशेनहालच्या रिंकचं छत कोसळून १५ जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. छतावर बर्फ साचला होता, पण दोष त्याआधीचे होते. लाकडी पेटी-तुळयांत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरला होता, जो ओलीत टिकत नाही. शिवाय मूळ गणितात चुका होत्या आणि देखभाल अपुरी होती. त्या गोंदावर सतत ओल बसते ती खालच्या बर्फामुळेच. वास्तुरचना आणि बर्फ हे दोन वेगळे विषय आहेत, असं म्हणणाऱ्याने ही घटना जरूर अभ्यासावी.

पाइपांखालच्या जमिनीचा प्रश्न तर डोळ्यांना दिसतही नाही. आजचा ठराविक रिंक वरून खाली असा असतो: २५ ते ३० मिलिमीटर बर्फ, पाच-सहा इंचांचा काँक्रीट स्लॅब, त्यात साधारण १०० मिलिमीटर अंतरावर इंचभर जाडीचे पाइप (सगळे जोडले तर लांबी सुमारे १६ किलोमीटर), त्याखाली १०० मिलिमीटर कडक फोमचं निरोधन, आणि त्याखाली वाळूचा थर, ज्यात पुन्हा पाइप, पण या वेळी कोमट ग्लायकॉलचे (सहज न गोठणाऱ्या द्रवाचे). गोठवण्याच्या यंत्राखाली तापवण्याचं यंत्र! कारण निरोधन थंडी थोपवत नाही, फक्त तिची चाल मंदावतं. हंगामी रिंकमध्ये उन्हाळ्यात जमीन पुन्हा गरम होते, म्हणून जुन्या रिंकना या पाइपांवाचून चालून गेलं. रिंक बारमाही झाले तसा गारठा खाली उतरत गेला. बारीक मातीत पाणी वर ओढलं जाऊन बर्फाचे भिंगासारखे थर तयार होतात आणि अख्खा स्लॅब उचलतात. मधोमध दहा सेंटिमीटरचा उंचवटा आला तरी बर्फाचा पृष्ठभाग सपाटच ठेवावा लागतो, म्हणून कडेला बर्फ जाड होत जातो. दर एका जादा इंचाला ब्राइन सुमारे सव्वा ते दीड अंश आणखी थंड करावं लागतं. वीजबिल चढतं, रिंकभोवतीचे बोर्ड कलतात, दारं लागत नाहीत. यावर उपाय म्हणजे स्लॅब फोडून, माती वितळवून, सगळं नव्याने घालणं. खालचे कोमट पाइप आधीच घातले असते तर त्यांना कॉम्प्रेसरची फुकट जाणारी उष्णता पुरली असती. जमीन ४-५ अंशांवर राहिली की काम झालं.

झांबोनीला, म्हणजे बर्फ खरवडून पुन्हा गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला, तुम्ही ‘सोयीची गाडी’ म्हटलंत. फ्रँक झांबोनीचं १९४९ चं यंत्र येण्याआधी ट्रॅक्टरमागे खरवडणी ओढायची, भुगा फावड्याने उचलायचा, पाणी मारायचं, पुसून काढायचं आणि गोठायची वाट बघायची, यात तासाहून जास्त वेळ जाई. सामन्याच्या दोन पिरियडच्या (भागांच्या) मध्ये ते बसत नव्हतं. यंत्र सुमारे ६० अंशांचं पाणी टाकतं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते वरचा थर किंचित वितळवून त्यात एकजीव होतं. एका फेरीला ५०० लिटर धरलं, तर ते थंड करून गोठवायला सुमारे ८० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता काढावी लागते. चालकाने विनाकारण जास्त पाणी सोडलं तर त्याचा भुर्दंड पुन्हा कॉम्प्रेसरलाच बसतो.

पैशाबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि मूळ लेखातही तो होता. १९२४ चं माँट्रिअल फोरम १५९ दिवसांत उभं राहिलं, १९३१ चं मेपल लीफ गार्डन्स जूनमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात उघडलं, ते मंदीच्या काळात आणि कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये घेतल्यामुळे. बॉस्टन गार्डन, फोरम आणि मेपल लीफ गार्डन्स १९९५ ते १९९९ च्या दरम्यान संघांनी सोडली, त्यामागे बर्फापेक्षा महागड्या बॉक्सचं अर्थकारण मोठं होतं. बॉस्टन गार्डनचा रिंक तर १९१ बाय ८३ फुटांचा, म्हणजे नियमापेक्षा लहान होता, तरी तो अखेरपर्यंत चालला. पण सिॲटलचं उदाहरणही बघा. १९६२ च्या इमारतीचं सुमारे वीस हजार टनांचं छत तात्पुरत्या पोलादी आधारांवर तोलून धरलं, खालची सगळी इमारत काढून खोल खोदली, आणि २०२१ साली त्याच छताखाली नवं एरिना उघडलं. तिथे छतावरचं पावसाचं पाणी बर्फासाठी वापरतात.

शेवटी अमोनिया. ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी इथे १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन माणसं गेली. त्या प्रकरणाकडे मी डोळेझाक करत नाही. जुन्या चिलरच्या (अमोनियाने ब्राइन थंड करणाऱ्या यंत्राच्या) नळीला छिद्र पडून अमोनिया ब्राइनमध्ये उतरत होता. गळती माहीत असताना तो चिलर पुन्हा चालू केला गेला. ब्राइनच्या बंद वर्तुळात दाब वाढला, पाइपाचा जोड निसटला आणि यंत्रखोलीत अमोनिया भरला. यातून निघणारे नियम स्पष्ट आहेत: ब्राइनची अमोनियासाठी नियमित तपासणी, गळका चिलर तत्काळ बाजूला काढणं, आयुष्य संपलेला चिलर ‘अजून चालतोय’ म्हणून न ठेवणं, आणि यंत्रखोलीचं वायुवीजन स्वतंत्र असणं. अमोनियाचा वास दहा लाखांत पाच भाग असतानाच बहुतेकांना येतो आणि ३०० भागांपासून तो जिवाला धोक्याचा मानला जातो. मधलं अंतर हीच त्याची चांगली बाजू, पण ती वास आल्यावर बाहेर पडणाऱ्यालाच उपयोगी पडते. आर-२२ या दुसऱ्या शीतकाचा पर्याय तर आता उरलाच नाही. अमेरिका आणि कॅनडात २०२० पासून त्याचं नवं उत्पादन आणि आयात बंद आहे.

अमोनियाऐवजी तुम्ही सुचवलेला कार्बन डायऑक्साइड नव्या रिंकसाठी खरोखर चांगला आहे, फक्त जुन्या अमोनिया संयंत्रात तो भरता येत नाही. अमोनियाचा गरम बाजूचा दाब १० ते १५ बार असतो, कार्बन डायऑक्साइडचा ९० बारच्याही वर जातो, त्यामुळे कॉम्प्रेसर, पाइप, झडपा सगळंच बदलावं लागतं. बाहेरची हवा तापली की त्याची कार्यक्षमता घसरते, हेही धरून चालावं. पण थंड प्रदेशात त्याची टाकाऊ उष्णता इतकी गरम असते की त्यावरच ६० अंशांचं पाणी मिळतं, आणि झांबोनीची टाकी भरायला वेगळा बॉयलर पेटवावा लागत नाही.