पोतं धुऊ नका

घानाचा कलाकार इब्राहिम महामा (जन्म १९८७, तमाले) जुन्या तागाच्या पोत्यांनी अख्ख्या इमारती झाकतो. २०१५ मध्ये व्हेनिसला आणि २०१७ मध्ये जर्मनीतल्या कासेलला त्याचं काम जगानं पाहिलं. ही पोती आशियातून घानात येतात, आधी कोको वाहतात, मग धान्य, शेवटी कोळसा. महामा नवी पोती देऊन बदल्यात अशी झिजलेली घेतो. डाग, ठिगळं, शिक्के, कुणाकुणाची नावं, सगळं तसंच ठेवतो.

आपल्याकडं, विदर्भात, पोत्यांचं काही करायचं म्हटलं की मंडळी आधी ती धुतात, मग रंगवतात. माझा विरोध याला आहे. अडत्याचा शिक्का आणि हमालानं मारलेलं ठिगळ पुसलं तर उरतं नुसतं स्वस्त कापड.

झाकायला बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, भिंत धरा, ३० बाय २० फूट. पन्नास किलोचं पोतं साधारण ९४ बाय ५७ सेंमी असतं, वजन ५८० ग्रॅमच्या आसपास. उसवून उघडलं की साडेअकरा चौरस फूट. शिवण आणि फाटक्या कडा वजा जाता दहा धरा. म्हणजे ६० पोती, ठिगळांसाठी आणखी १०. औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं मात्र घेऊच नका. बाकीची दोन दिवस उन्हात टाका, नाकाला रुमाल बांधून काठीनं झटका. पाणी नको.

आधी २० फुटी उभ्या पट्ट्या शिवा, मग खळ्यावर अंथरून एकमेकींना जोडा. दाभण आणि दुहेरी सुतळी वापरा, काठावर काठ दोन बोटं चढवा, टाक्यांच्या दोन ओळी घाला. काठालगत एकच ओळ घातली तर विरळ विणीतून धागे सरकतात आणि शिवण आपल्याच वजनानं उकलते. शिक्क्याची बाजू बाहेर, आणि वाचण्यासारखी पोती खालच्या सहा फुटांत यायला हवीत.

टांगताना सगळ्यात जास्त चुका होतात. खिळे ठोकले की भोक वाढत जाऊन वरची कड फाटते. वर नेफा शिवून त्यात जाड दोर ओवा, दर दोन फुटांवर बांधा. खाली ताणू नका: ताग भिजला की आकसतो, शिवाय पाणी पिऊन जड होतो. कोरडं ३५-४० किलोचं ओझं मग दुपटीच्या पुढं जातं. पट्ट्यांमध्ये जागोजागी वीतभर शिवण मोकळी सोडा, नाहीतर वाऱ्यात सगळ्याचं शीड होतं. म्हणून दिवाळीनंतर टांगा आणि उन्हाळी वावधन सुटायच्या आत उतरवा. चालू जिनिंगच्या भिंतीवर कधीच नाही. तिथं रुईचा भुसा उडतो आणि ताग चटकन पेट घेतो.

शिवणाऱ्या बायांची मजुरी पट्टीवर ठरवू नका, रोजानं द्या. पट्टीवर ठरली की टाके लांब पडतात, आणि उकलते ती नेमकी वरची शिवण.