सबसिडी मशीनला मिळते, पऱ्हाटीच्या ढिगाला नाही

मागच्या आठवड्यात दोन पोरं भेटायला आली होती, पांढऱ्या कोळशाचा म्हणजे ब्रिकेटचा प्लांट टाकायचा म्हणून. बसली, पाणी प्यायली आणि पहिला प्रश्न, ताई सबसिडी किती बसते? महिन्याला चार-पाच फोन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, म्हणून एकदा सगळं इथे लिहूनच टाकते. लांब होईल, पण ज्याला हा धंदा करायचाय त्याने शेवटपर्यंत वाचा.

आमचं युनिट यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात. पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्या आणि तुराटी म्हणजे तुरीच्या, त्या बारीक करायच्या, वाळवायच्या, ७० एमएमच्या मशीनमध्ये दाबायच्या. डिंक लागत नाही, केमिकल लागत नाही, दाबाने आणि उष्णतेने काडीतलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ पडतं आणि भुसा एकजीव होतो. फक्त ओल १० टक्क्यांच्या आसपास पाहिजे, जास्त झाली की ब्रिकेट बाहेर येतानाच तडकते. माल बॉयलरवाले घेतात, दगडी कोळशाच्या जागी.

मी पीएमईजीपीमधून, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज केला. २०२२ नंतरच्या नियमाप्रमाणे उत्पादनाच्या युनिटला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, ग्रामीण भागात बाईच्या नावाने असेल तर ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. माझा प्रोजेक्ट २४ लाखांचा. म्हणजे कागदावर ८ लाख ४० हजार सबसिडी आणि माझ्या पदरचे १ लाख २० हजार. हे आकडे ऐकून माणूस हुरळतोच, मी पण हुरळले. एका एजंटकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला, छान रंगीत फाइल, मशीनचे फोटो, पाच वर्षांचा नफा.

बँकेत साहेबांनी फाइल चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं, कच्चा माल लाकडाचा भुसा, वर्षभर उपलब्ध. म्हणाले, मॅडम तुमच्या गावात आरा मशीन आहे का? मी म्हटलं नाही. मग भुसा कुठून येणार, आणि पावसाळ्यात काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल परत आली. तेव्हा फार राग आला होता, घरी येऊन जेवलेसुद्धा नाही, पण आज सांगते त्या माणसाने मला बुडण्यापासून वाचवलं. एजंटने दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट उचलून माझं नाव टाकलं होतं.

मग फेब्रुवारीत मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, आम्ही पाच शेतकऱ्यांच्या वावरातली एकेक एकराची पऱ्हाटी स्वतः उपटून घेतली. चिमट्याने उपटायची, धुऱ्यावर रचायची, ट्रॉली भरून जिनिंगच्या काट्यावर न्यायची. मी वहीत लिहीत होते, कोणाचं वावर, भारी जमीन का हलकी, ओली किती, वीस दिवसांनी वाळून किती. वाळलेली एकरी ९ ते ११ क्विंटल भरली. वीस दिवसांत वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, पहिल्या पानावर चहा सांडलेला आहे, पण माझ्यासाठी तोच खरा प्रोजेक्ट रिपोर्ट.

आता हिशोब बघा. एक शिफ्ट धरली तर दिवसाला ६ टन. जुलै ते जानेवारी या महिन्यांतले सण, बिघाड, लाइट गेलेले दिवस सोडून १५० दिवस. म्हणजे ९०० टन, म्हणजे जवळजवळ ९०० एकरांची पऱ्हाटी. आणि ती मिळते कधी? वेचणी संपल्यावर वावर मोकळं होतं तेव्हा, फेब्रुवारी ते एप्रिल. नंतर शेतकरी थांबत नाही, पेटवून देतो, आणि त्याला दोष देता येत नाही कारण पऱ्हाटी उभी ठेवली की गुलाबी बोंडअळी त्यातच राहते आणि पुढच्या हंगामाला तीच अळी हजर. २०१७ मध्ये आमच्या भागाने बोंडअळीने काय केलं ते बघितलंय. शेतकरी तर म्हणतो, घेऊन जा बाई, माझं वावर खाली होते. पण उपटायची मजुरी, काडीचा चुरा करणारा श्रेडर, डिझेल, वाहतूक धरून आमच्या दारात टनाला १८०० रुपये पडतात. ९०० टनांचे झाले १६ लाख २० हजार. हे सगळे दोन-अडीच महिन्यांत रोख द्यायचे, आणि विकलेल्या मालाचे पैसे येतात दोन महिन्यांच्या उधारीवर.

माझं ब्रिकेट मशीन १० लाखांचं. म्हणजे ढीग मशीनपेक्षा महाग आहे! आणि माझ्या प्रोजेक्टमध्ये खेळतं भांडवल होतं ६ लाख.

माझं म्हणणं इथेच आहे. बहुतेक योजना मशीन मोजतात. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, त्यात ब्रिकेट-पेलेटच्या प्लांटला सुरुवातीला ताशी टनामागे ९ लाख असा दर होता, तेही प्लांट चालवून दाखवल्यावर. ताशी टन! मशीन ताशी किती ओकतं त्यावर पैसे, पण त्या मशीनच्या तोंडात घालायला वर्षाचा माल कुठे साठवणार हे अनुदानाच्या हिशोबात कुठेच नाही. श्रेडरला अनुदान आहे, पण ते महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, कृषी खात्याकडे, शेतकरी म्हणून. मशीन एका खात्यात, श्रेडर दुसऱ्यात, आणि वर्षाचा ढीग कोणाच्याच हिशोबात नाही. मग होतं काय, माणूस सबसिडीच्या लोभाने मोठं मशीन घेतो, ऑगस्टमध्ये माल संपतो, मशीन उभं आणि हप्ता चालू. अशी दोन युनिटं मी स्वतः बंद पडलेली बघितलीत, मशीनमधली गंजलेली डाय, म्हणजे साचा बघून पोटात कालवतं हो.

माझी मागणी साधी आहे. आपल्याकडे शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, तूर, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी घ्या. तसंच वाळलेल्या, वजन केलेल्या पऱ्हाटीच्या चुऱ्याला तारण का नाही? तो पण शेतातूनच आलाय, काट्यावर मोजलाय, विकला जाणारच आहे. आगीची भीती असेल तर विमा लावा, ढिगांत अंतर ठेवायचा नियम करा, आम्ही पाळू. मशीनवरचं अनुदान थोडं कमी केलं आणि हे दिलं तरी माझ्यासारख्या छोट्या माणसाला जास्त फायदा आहे.

अर्ज करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी डोक्यात ठेवा. पीएमईजीपीची पहिली मदत फक्त नवीन युनिटला आहे, त्यामुळे आधी जुनं मशीन आणून धंदा सुरू केला आणि मग अर्ज केला तर बाद. महाडीबीटीवर पण पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडू नका. जमिनीची किंमत प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत. आणि सबसिडी हातात येते हा गैरसमज काढून टाका, ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही पण रुपया वापरता येत नाही, तीन वर्षांनी पाहणी होऊन कर्जात वळती होते. माझी तर नंतर कर्ज मिळून ते उचलल्यावर पाच महिन्यांनी आली, तोवर पूर्ण रकमेवर व्याज भरलं. म्हणून सबसिडी शून्य धरून हिशोब करा, धंदा तरला तरच अर्ज करा.

त्या दोन पोरांना मी वही दाखवली. त्यांच्याकडे वणीच्या बाजूला वावरं आहेत. यंदा वेचणी संपली की आधी पाच एकर मोजतो म्हणाले, कोटेशन नंतर. चिमटे आमचेच घेऊन जा म्हटलं, फक्त मार्चच्या आत परत द्या, आम्हाला पण लागतात.