एकशेवीस हप्ते भरणारे कर्जबुडवे कसे?

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा: अमेरिकी सरकार कर्जबुडव्या विद्यार्थ्यांना माफी देतं, कोर्टाने ती बेकायदा ठरवली तरी ती चालूच आहे, त्याचा भार करदात्यांवर पडतो, आणि आपली मुलं मात्र गावाकडचं घर गहाण टाकून पै न् पै फेडतात. मी गप्प राहिलो होतो. पण परवा माझ्या भाचीने तो वाचला. ती इथल्या सरकारी शाळेत २०१० पासून शिकवते आणि तिचं उरलेलं शिक्षणकर्ज २०२३ साली माफ झालं. तिचा चेहरा पाहिल्यावर लिहायचं ठरवलं.

आधी ‘कर्जबुडवे’ या शब्दाबद्दल. भाचीला मिळालेली माफी ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ म्हणजे सार्वजनिक सेवेतल्यांच्या कर्जमाफीच्या योजनेतली. २००७ साली अमेरिकी संसदेने हा कायदा केला आणि रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करायची, परतफेडीच्या ठरलेल्या योजनेत १२० मासिक हप्ते भरायचे, मग उरलेली रक्कम माफ. कर्ज बुडीत गेलं असेल तर या योजनेत दारातही उभं करत नाहीत. म्हणजे ज्याने बुडवलं, त्याला ही माफी मिळतच नाही.

आणि ती सहज मिळते असंही नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात पहिली दहा वर्षं पूर्ण झाली. २०१८ च्या जूनअखेर सुमारे २८,००० जणांनी अर्ज केले होते. मंजूर झाले ९६. कुणाचे हप्ते पुरेसे भरले नव्हते, कुणाची परतफेडीची योजना चुकीची होती, कुणाचं कर्जच जुन्या प्रकारचं, म्हणजे बँकेने दिलेलं आणि सरकारने हमी घेतलेलं होतं. भाचीचं कर्ज तसंच. तिची कर्जवसुली पाहणाऱ्या कंपनीने सात वर्षं हप्ते घेतले, पण यातला एकही मोजला जाणार नाही हे कधी सांगितलं नाही. २०१८ मध्ये फोनवर ते कळलं तेव्हा ती शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली होती. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात सरकारने तात्पुरती सूट देऊन असे जुने हप्ते धरले, म्हणून ती सुटली. ज्याला ‘खैरात’ म्हटलं जातं, त्यातला मोठा भाग हा असा चुकलेला हिशेब दुरुस्त करण्याचा आहे.

‘पूर्ण फेडलं असतं तर माफी कशाला?’ असंही विचारतात. ६०,००० डॉलर कर्ज, ६ टक्के व्याज धरा. महिन्याचं व्याजच ३०० डॉलर. पगारावर ठरलेला हप्ता २०० बसला, तर नियमाने भरूनही कर्जाची बाकी दर महिन्याला १०० डॉलरने वाढते. मुद्दलाला हात लागतच नाही.

कोर्टाचं म्हणाल तर ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती बायडन यांची १० ते २० हजार डॉलरपर्यंतची व्यापक माफी. २००७ चा कायदा त्या खटल्यात नव्हताच. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ही योजना ठेवली आहे.

करदात्यांचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कॉलेज सांगेल त्या खर्चाएवढं सरकारी कर्ज मिळू लागलं, मग फी आवरायचं कारण कॉलेजांना उरलं नाही. नव्या कायद्यात १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी ते कर्ज बंद होतं आणि पदव्युत्तर कर्जाला एकूण १,००,००० डॉलरची, तर वैद्यकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाला २,००,००० ची मर्यादा येते. मला मर्यादा योग्य वाटते. त्याच कायद्यातल्या ‘रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन’ या परतफेडीच्या योजनेत वेळेवर हप्ता भरला की त्या महिन्याचं न भागलेलं व्याज सोडून दिलं जातं, हेही चांगलं आहे. पण सार्वजनिक सेवेत नसलेल्यांना त्यात माफीसाठी ३० वर्षं थांबावं लागेल, हे मला पटत नाही. पंचविशीत सुरुवात केलेला माणूस पंचावन्नचा होईल.

आता ‘आपली मुलं’. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारी कर्ज मिळतच नाही. पुण्या-नाशिकच्या बँकेतून आईबापांच्या सहीने काढलेल्या कर्जाचं ओझं खरं आहे, मी स्वतः ते वाहिलं आहे. पण ते माझ्या भाचीने वाढवलेलं नाही. आणि इथे जन्मलेली किंवा ग्रीन कार्डवाली आपलीच मुलं आज शाळांत, सरकारी दवाखान्यांत नोकरी करत ही कर्जं फेडत आहेत. त्यांनी नोकरीचा दाखला दरवर्षी भरून घ्यावा आणि मोजलेले हप्ते लेखी मागवावेत. भाचीची सात वर्षं फोनवरच्या तोंडी उत्तरांवर विसंबूनच गेली.