तिकीट न लागणारी ट्राम

लक्झेंबर्गच्या विमानतळावर उतरलो त्या दिवशी दोन बॅगा ओढत मी ट्रामच्या थांब्यावर तिकिटाचं मशीन शोधत होतो. नवख्या शहरात पहिली धास्ती तिकिटाचीच असते. कुठला झोन, शिक्का कुठे मारायचा, चुकलं तर दंड किती. मशीन काही सापडेना. शेवटी एका बाईंना विचारलं. "लागत नाही," एवढंच म्हणून त्या चढल्या. मी मात्र स्टेशन येईपर्यंत खिशातल्या नोटा चाचपत उभा. कुणीतरी येऊन पकडणार, ही खात्रीच होती. कुणी आलं नाही.

इथे २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे सगळं मोफत आहे. रहिवासी असो, पाहुणा असो की बँकेतला बडा साहेब. पैसे पडतात ते फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा एसटीवरून जुंपली होती. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना त्याआधीच पूर्ण माफ. 'या फुकटेपणानंच एसटी बुडाली' हा आमच्या एका काकांचा आवडता सिद्धांत. मी हौसेनं ट्रामचा फोटो टाकला. काका म्हणाले, "त्यांना परवडतं."

काकांचं अगदीच चूक नव्हतं. इथे तिकिटातून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता, बाकीचा भार आधीपासून सरकारच उचलत होतं. तिकिटावर पाणी सोडणं त्यांना सोपं गेलं. एसटीचं पोट तिकिटावर आहे. सवलतीची भरपाई सरकारनं महामंडळाला वेळेवर द्यायची असते, भांडायचंच तर त्यावर भांडावं. आणि फुकट केलं म्हणून इथले रस्तेही ओस पडलेले नाहीत. शेजारच्या तीन देशांतून रोज दोन लाखांवर माणसं इथे कामाला येतात, त्यातली बरीचशी मोटारीनं. सकाळी हमरस्त्यावर रांग असतेच. मी स्वतः गाडी घेतली नाही ती ट्राम दर काही मिनिटांनी येते म्हणून. तिकीट असतं तरी घेतली नसती. गावाकडेही सवलतीच्या आधी दुपारची फेरी रद्द न होणं महत्त्वाचं, असं मला वाटतं.

पण एक गोष्ट काकांना अजून पटवता आलेली नाही. इथे सगळ्यांनाच फुकट, त्यामुळे फुकट्या कुणीच नाही. आपल्याकडे अर्ध्या तिकिटाची बाई खिडकीशी बसली की मागून कुणीतरी बोलतोच, "आता यांचंच राज्य!" पन्नास टक्क्यांसोबत तिनं तो टोमणाही घ्यायचा.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट देतो. त्याची घडी घालून ती बांगडीत खोचते, उतरेपर्यंत.

"तिकीटच नाही?" ती म्हणाली. "मग चेकर आला तर दाखवायचं काय?"