‘आकड्यांचं ज्योतिष’ या प्रतिक्रियेला उत्तर

जगातल्या धर्मांचं पुढे काय होणार, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘धर्माच्या भविष्याचा अभ्यास करणारे म्हणजे पत्रिकेऐवजी कॉम्प्युटर मांडून बसलेले जोशीबुवा, आणि तुम्ही त्यांचे एजंट.’ एजंट हा शब्द जरा लागला, पण असो.

एक आक्षेप पूर्ण मान्य. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2015 च्या अहवालाबद्दल लिहिताना ‘2050 साली जगात मुस्लिम 30 टक्क्यांच्या घरात असतील’ असं मी ठोकून दिलं. जन्मदर, वयोगट, स्थलांतर, धर्मांतर यांबद्दल गृहीत धरलेलं सगळं तसंच घडलं तर, असं अहवाल म्हणतो. तो ‘तर’ मी खाल्ला. आणि हे दर हलतात. भारतातल्या मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, 1992-93 मध्ये 4.4 होता, 2019-21 मध्ये 2.36 वर आला.

तुम्ही दिलेलं पीटर बर्जर यांचं उदाहरणही बिनतोड आहे. 21व्या शतकात श्रद्धाळू माणसं छोट्या पंथांपुरतीच उरतील, असं 1968 साली सांगणारे हे समाजशास्त्रज्ञ. पण पुढे त्यांनीच आपलं चुकलं म्हणून छापून टाकलं. एखाद्या जोशीबुवाने असं केलेलं तुमच्या पाहण्यात आहे का?

‘म्हणून हा अभ्यासच नको’ इथे मात्र माझी गाडी अडते. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. 1961 मध्ये जवळपास 28 लाख! मध्ये 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा. नुसते जन्मदर मांडणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. पण आपण हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेबांनी येवल्याला 1935 सालीच भर सभेत सांगितलं होतं. ते ज्याने मनावर घेतलं, त्याच्यासाठी 28 लाखांचा आकडा आकाशातून पडला नाही. मला अभ्यास हवा तो असा, कान उघडे ठेवून केलेला.

आकडा जमतो कसा, तेही सांगतो. 2011 ला आमच्याकडे जनगणनेच्या बाई आल्या. धर्माच्या रकान्यापाशी दारावरच्या गणपतीकडे पाहून म्हणाल्या, ‘हिंदूच ना?’ आणि आमच्या तोंडून हो निघायच्या आत सगळ्यांपुढे हिंदूंसाठीचा 1 आकडा लिहून मोकळ्या. धाकटा भाऊ देव मानत नाही, पण चतुर्थीला मोदक वळायला सगळ्यात आधी बसतो. तो आत अंघोळीला गेला होता. त्याला विचारायचं राहूनच गेलं. बाईंना अजून अख्खी चाळ उरकायची होती.