मोठं वर्तुळ म्हणजे भारी औषध नव्हे

कापूस वेचणीच्या दिवसांपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "लघवीची कल्चर तपासणी म्हणजे लॅबचा धंदा. तीन दिवस वाया. जास्त पॉवरची गोळी घ्या, कोणताही जंतू मरतो. रिपोर्ट काढलाच तर ज्या औषधाचं वर्तुळ सर्वांत मोठं, तेच घ्या. दोन लॅबचे रिपोर्ट तर जुळतच नाहीत." मी लॅबमध्ये हेच काम करते, लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघते, म्हणून लिहितेय.

आधी वर्तुळाचं, कारण ते शास्त्रासारखं वाटतं. आम्ही जंतू म्युलर-हिंटन आगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर पसरवतो, वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवतो. ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तासांनी, औषधानं जंतू वाढू दिले नाहीत तेवढी जागा गोल, स्वच्छ दिसते. ती मिलिमीटरमध्ये मोजतो. पण प्रत्येक औषध आगारात सारखं पसरत नाही आणि चकतीतली मात्राही वेगळी, म्हणून प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. लॅबच्या तपासण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेनुसार, लघवीच्या लागणीत नेहमी सापडणाऱ्या ई. कोलाय जंतूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं वर्तुळ २१ मिलिमीटर आलं तर ते औषध निकामी. नायट्रोफ्युरँटॉइनचं १७ आलं तरी ते लागू. मेसेज वाचून मोठं वर्तुळ निवडणारी बाई नेमकी निकामी गोळी घेऊन घरी जाईल! शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरतं, रक्तात पुरेसं राहत नाही. थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ असेल, म्हणजे लागण किडनीपर्यंत गेली असेल, तर रिपोर्टवर 'लागू' असूनही ते चालत नाही. हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

"काहून थांबाचं तीन दिवस? पॉवरची गोळी द्या ना ताई," असं रोज ऐकते. काही जंतू ईएसबीएल नावाची विकरं तयार करतात, ती सेफिक्झिमसारखी औषधं तोडून टाकतात. अशा जंतूवर २०० ची गोळी चालली नाही म्हणून ४०० ची चालेल असं नाही.

तीन दिवस लागतात, खरंय. एक दिवस जंतू वाढायला, दुसरा औषधांची परीक्षा घ्यायला. पण तोवर रुग्ण औषधाविना राहत नाही. नमुना घेतला की डॉक्टर अंदाजानं उपचार सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर बदलतात. गोळ्या आधी आणि नमुना नंतर, असं झालं की प्लेटवर बरेचदा काहीच उगवत नाही.

रिपोर्ट न जुळण्याची तक्रार मात्र मला मनापासून पटते, फक्त खोट बहुतेकदा वाटेत असते. औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेली लघवी, एसटीत मांडीवर तीन तास, बाहेर मे महिन्याचं ऊन. तेवढ्यात जंतू कैक पटींनी वाढतात, बाहेरचेही मिसळतात. लॅबकडून निर्जंतुक डबी घ्या, जागा पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली धरा आणि दोन तासांत पोचवा. सेवाग्राम किंवा यवतमाळची लॅब लांब पडत असेल तर डबी बर्फाच्या डब्यात घालून आणा.